भातवाल्यांचा उरलेला वेळ

वर्ग फार रंगला की आता मला धास्ती वाटते. पोरं हसतायत, मागचे बाक जागे आहेत, हात वर आहेत, आणि मला वाटायला लागतं, की आपण काहीतरी गाळतोय. हे गेल्या वर्षापासूनचं. त्याआधी मी बिनधास्त शिकवायचो.

आमचं कॉलेज मोशीच्या पुढं, एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर भरतं. शाळा सुटली की साडेचारला आमचे वर्ग. बसायला येतात ते चाकणच्या कंपन्यांतून पहिली शिफ्ट करून आलेले. कुणी वीस वर्षांचा, कुणी चाळिशीला टेकलेली. अंगात कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप. त्यांना मी इतिहास शिकवतो. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवणारे माझे दोस्त विचारतात, इतिहास घेऊन काय करणार रे ती पोरं? मी म्हणतो, तुमची पोरं इंजिनिअरिंग घेऊन जे करतात तेच. कंपनीत जातील.

मी फटकळ आहे हे मला मान्य आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील धाराशिवकडून पिंपरीला आले, फाउंड्रीत भट्टीपुढं उभे राहिले. आईनं रहाटणीत चार घरच्या पोळ्या लाटल्या. मी सकाळी कॉलेज आणि दुसऱ्या शिफ्टला प्रेस शॉप, असं करत बीए झालो, मग एमए, मग सेट. हे मी मिरवतो. ज्यांच्या घरात आजोबांपासून डिग्र्या भिंतीला टांगल्यात त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते शोभतं.

तर गणपतीच्या आधीचा आठवडा होता. विषय होता वसाहतकालीन अमेरिकेतली गुलामगिरी आणि तिच्यातले प्रदेशाप्रमाणे फरक. पुस्तकात त्यावर एक कोरडा तक्ता आहे. पाठ करा आणि विसरा, असा. मी फळ्याचे तीन भाग केले. वर उत्तरेकडच्या वसाहती, मध्ये व्हर्जिनिया-मेरीलँडचा तंबाखूचा पट्टा, खाली साउथ कॅरोलिना-जॉर्जियाचा पाणथळ किनारा, भातशेतीचा.

उत्तरेत एकेका घरात एक-दोनच गुलाम. स्वयंपाक, धुणी, गोदीवरची ओझी, लोहाराची नाहीतर सुताराची कामं. झोपायचं मालकाच्याच माळ्यावर. नवरा एका घरी, बायको दुसऱ्याच्या. तंबाखूच्या पट्ट्यात टोळीनं काम, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, डोक्यावर मुकादम, सगळ्यांचे हात एका चालीत. आणि भाताच्या पट्ट्यात निराळीच तऱ्हा. तिथं माणशी रोजचा तुकडा आखून दिलेला. साधारण पाव एकर. मी म्हणालो, म्हणजे आपले दहा गुंठे. तेवढं खुरपून झालं की मालकाचं त्या दिवसाचं काम संपलं.

दहा गुंठे म्हटल्यावर वर्ग जागा झाला. इथल्या माणसाला गुंठा कळतो.

मागच्या बाकावर एक फोर्कलिफ्ट चालवणारा बसतो, सगळ्या जगाला राव म्हणणारा. तो म्हणाला, "म्हणजे सर, तंबाखूवाली कंपनी शिफ्टवाली आणि भातवाली टार्गेटवाली. बरोबर ना राव?"

वर्ग फुटला. मीही हसलो. आणि मग जे सुरू झालं ते चाकणला बस थांब्यावर रोज चालतं तेच. आपल्याकडं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, कुठल्या कंपनीत? दुसरा, कशी आहे? कॅन्टीन कसं आहे, बस घरापर्यंत येते का, सुपरवायझर शिव्या देतो का, बसून काम आहे की उभ्यानं. माझा वर्ग फळ्यावरच्या तिन्ही भागांना तेच प्रश्न लावू लागला. उत्तरेतली कंपनी छोटी, मालकाच्या घरातच राहायचं, म्हणजे चोवीस तास ड्युटी. नको. तंबाखूवाल्यांचा मुकादम डोक्यावर. नको. भातवाल्यांचे मालक तर उन्हाळ्यात तापाच्या साथीला भिऊन शहरात निघून जायचे, असं मी सांगितलं, तर एकजण म्हणाला, म्हणजे मॅनेजर साइटवर नाहीच. भारी.

पहिल्या बाकावर एक बाई बसायच्या. वय चौतीस, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो आणि त्या मला सर. चाकणच्या पश्चिमेला डोंगराकडच्या गावातल्या, घरची भातशेती थोडी, आणि बारा वर्षं कंपनीत. त्या एकट्या हसत नव्हत्या. भाताचं पाणी म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "सर, मंग त्यांच्या पायाला चिखल्या व्हत आसतील की." मी हो म्हणालो, चिखल्या, हिवताप, साप, सगळंच. त्या पट्ट्यात माणसं फार मरायची हेही मी बोललो होतो. पण ते एका दमात, पुढं जायच्या घाईत.

कुणीतरी म्हणालं, मतदान घ्या. मी घेतलं. कुठल्या भागात बरं होतं? हात वर. भातवाले मोठ्या फरकानं निवडून आले.

तेव्हा ताईंनी वही उघडली आणि मला नीट विचारलं. "सर, तुकडा झाल्यावर जो टाइम उरायचा, तो त्यांचाच?"

मी म्हणालो, "हो ताई. त्यांचाच."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पेनाची, जाड.

त्या दिवशी मी मोटरसायकलवर गाणं गुणगुणत घरी आलो. बायकोला म्हणालो, आज शिकवलं बघ.

आता मला जे सांगायचं आहे ते हे, की मला माहीत होतं. पुस्तकातलं नव्हे, हातातलं. प्रेस शॉपमध्ये माझ्या पहिल्याच महिन्यात स्टॉपवॉच घेऊन एक साहेब आला होता. एक पत्रा दाबायला किती सेकंद लागतात ते बघायला. मी नवा, अंगात जोर, साहेबासमोर चमकायचं होतं. शेजारच्या मशीनवरचा जुना माणूस ओठ न हलवता म्हणाला होता, "भावा, हात जड कर." का, ते मला जेवणाच्या सुट्टीत समजावलं गेलं, फार प्रेमानं नव्हे. आज तू ज्या वेगानं दाबशील तो उद्या सगळ्यांचा वेग. हे मला माहीत होतं, आणि फळ्यासमोर उभा राहून मी ते बोललो नाही. वर्ग हसत होता. हसणाऱ्या वर्गात असलं बोलणं म्हणजे लग्नात दहाव्याचा विषय.

गणपती गेले आणि ताई एक दिवस वर्गाआधी स्टाफरूमच्या दारात आल्या. कागदात उकडलेल्या शेंगा. म्हणाल्या, "सर, म्या कंपनी बदलली. भातवाली घेतली."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी हसलो. हसलो, हे लिहायला जड जातंय.

त्यांची जुनी कंपनी मोठी होती, बस होती, पण शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. एक आठवडा वर्गाला यायच्या, पुढचा आठवडा नाही. आणि त्यांना बीए करायचंच होतं. कारण त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या लाइनवर लीडर व्हायला पदवी लागायची. त्यांनी जिला स्क्रू पकडायला शिकवलं ती तेवीस वर्षांची मुलगी पदवीच्या कागदावर त्यांची लीडर झाली होती. रोज सकाळी ती यांना कसं उभं राहायचं ते सांगायची. "पोरगी वाईट न्हाई," ताई म्हणायच्या, "पण मलाबी तो कागद पायजे." पदवी झाली की कुठल्याही कंपनीत लीडरसाठी अर्ज करता येईल, एवढाच हिशोब.

नवी जागा म्हणजे मोठ्या कंपन्यांना माल देणारं एक छोटं शेड. रबराच्या वॉशरच्या कडेला साच्यातून निघताना जी जादा झालर राहते ती ब्लेडनं कापायची. दहा-बारा बायका. सकाळी आठला सुरू, रोजचे क्रेट ठरलेले, ते भरले की घरी. ताईंचा हात चपळ. दोनला मोकळ्या. वर्गापर्यंत अडीच तास अभ्यासाला.

मी म्हणालो, बघा बरं, असलं काम टिकतं का? एवढं मी म्हणालो होतो, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. त्यावर त्या म्हणाल्या, "उक्तं काम आमाला नवं हाय का सर? रोजानं गेलं तर दिवसभर वाकायचं. उक्तं घेतलं तर वावर संपलं का मोकळं. आन वावर काय दुपारनं वाढत न्हाई."

पटण्यासारखं होतं. शेतात ते खरंच आहे. बांध कुणी दुपारून सरकवत नाही. मीही पटवून घेतलं.

दिवाळीपर्यंतचे दिवस त्यांचे सोन्याचे. वर्गाला पहिल्या, वह्या पूर्ण, प्रश्न तयार. एकदा मी एक सन चुकीचा सांगितला तो त्यांनी भर वर्गात सुधारली आणि मागच्या बाकावरचा म्हणाला, ताई, सरांचीच ॲडमिशन घ्या आता. मी त्यांच्याकडं बघून मनात म्हणायचो, हे आपण केलं.

दिवाळीनंतर त्या आल्या नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे. फोन लावला तर बंद, कामावर फोन बाहेर ठेवतात म्हणे. मी अस्वस्थ झालो, आणि मी अस्वस्थ झालो की एका जागी बसत नाही. रहाटणीहून पहाटेच निघायचो, उगाच नाशिक रस्त्यानं चाकणपर्यंत जायचो, परत यायचो. बायको म्हणाली, पेट्रोल काय सासऱ्याच्या पंपावरून येतं का?

मग मी पुस्तकं काढली. त्या एका तक्त्यावर थांबलो होतो तो पुढं वाचायला लागलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतसं माझं "त्यांचाच" मला टोचायला लागलं. उरलेल्या वेळात ते लोक काय करायचे? स्वतःच्या पोटासाठी मका, रताळी लावायचे, कोंबड्या पाळायचे, मासे धरायचे. म्हणजे मालकाला तेवढं खायला कमी घालावं लागायचं. दहा गुंठे संपले तरी मालकाचं काम संपत नव्हतं, फक्त त्याचा मुकादम घरी जात होता. हिवाळ्यात भात कांडायचं काम निराळं, उखळ-मुसळानं, पहाटेपासून. आणि तो तुकडा दहा गुंठ्यांवर टिकला तो मालकाच्या दयेनं नाही. वाढवायचा प्रयत्न व्हायचा. लोक अडून बसायचे. काम अंगावर घ्यायचे नाहीत, रानात निघून जायचे, फटके खायचे. ज्याचं आधी संपलं तो मागं राहिलेल्याच्या ओळीत हात लावायचा. बांध जागेवर होता कारण सगळ्यांनी मिळून तो धरून ठेवला होता.

हे मी वर्गात सांगितलं. फळ्यावर तेच तीन भाग काढले आणि म्हणालो, मी तुम्हाला अर्धवट शिकवलं. या तिन्ही ठिकाणी माणूस विकला जात होता, त्याचं मूल विकलं जात होतं. त्यात बरं कुठलं, हा प्रश्नच मी विचारायला नको होता. फरक होता, तो कशाचा होता हे बघायचं होतं. कुठं पीक कुठलं, माणसं किती, मालक किती जवळ, आपल्या माणसांत राहायला मिळतं का, आपली बोली टिकते का.  मग मागून आवाज आला, "सर, म्हणजे मतदान रद्द का राव?" मी हो म्हणालो. पण जिनं रेघ मारली होती ती वर्गात नव्हती.

शेवटी एक दिवस सुट्टी टाकून मी त्या शेडकडं गेलो. जेवणाच्या वेळेला. समोर चहाची टपरी आहे, तिथं उभा राहिलो. बायका डबे घेऊन बाहेर आल्या. ताईंनी मला बघितलं, मान हलवली, पण आधी इतर बायकांबरोबर बसून जेवल्या. मी तीन चहा प्यायलो. मग त्या आल्या.

त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. त्यांच्याआधी त्या शेडमध्ये कुणी पाचच्या आत उठत नव्हतं. क्रेट तीनलाही भरू शकले असते, पण बायका ते पाचपर्यंत पुरवायच्या. हात जड. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ती तिथली रीत होती. ताई आल्या आणि दोनला उठायला लागल्या. सुपरवायझरनं महिनाभर बघितलं, काही बोलला नाही, उलट शाबासकी दिली. दिवाळीच्या सुट्टीवरून आले तर क्रेट दीडपट. सगळ्यांचे.

बायका त्यांच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्यांच्यात एक साठीच्या आजी आहेत, नजर कमी, ब्लेड सावकाश चालतं. त्या आजी म्हणाल्या, "तुझ्या कालेजापायी माझी कंबर गेली गं."

मी त्यांना म्हणालो, ताई, सोडा ना हे. आणि वर, मास्तरकीची सवय, म्हणालो की हाच तर फरक आहे, त्या लोकांना सोडता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहान मुलाचं गणित चुकल्यावर बघतात तसं.

"ते मला म्हाईत हाय सर. त्यांची लेकरं इकत व्हते. माझं लेकरू शाळंत बसलंय आत्ता. त्यांच्यात आन आमच्यात लई अंतर हाय, ते तुमी मला नका शिकवू. पण तुमी वर्गात म्हणलात, टाइम त्यांचाच. मी इचारून घेतलं व्हतं तुमाला."

 मग मी ते पुढचं वाचलेलं सांगायला लागलो, मिळून धरून ठेवायचं, मागं राहिलेल्याच्या ओळीत हात लावायचा. त्या ऐकत होत्या आणि ब्लेडनं कापलेल्या बोटावरची पट्टी नीट करत होत्या. म्हणाल्या, ते चाललंय आता. क्रेट आणखी वाढू नयेत म्हणून त्या स्वतःचं मुद्दाम सावकाश करतात, आणि झालं की आजींच्या क्रेटला बसतात. सगळ्या बरोबर उठतात. साडेसहाला.

"मग वर्ग?" मी विचारलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पुन्हा पळाले तर उशिरा का व्हईना वर्ग हाय, पण मंग ह्यांच्या तोंडाकडं बघायचं कसं?" जुन्या कंपनीत विचारून झालं होतं. तिथली जागा भरली होती.

त्या दिवसापासून सत्र संपेपर्यंत त्या फक्त सुट्टीच्या वारी भेटल्या, चाकणच्या बाजाराच्या दिवशी, मंदिराच्या ओट्यावर. तासभर मी शिकवायचो, पिशवीत कोथिंबीर घेऊन त्या लिहून घ्यायच्या. त्याला हजेरी म्हणत नाहीत. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि वर्गशिक्षक म्हणून हजेरीच्या यादीवर सही माझी. ताईंची निम्म्याच्या जरा वर. कमी असली तर प्राचार्यांकडं अर्ज करायचा, कारण लिहायचं, त्यांनी मान्य केलं तर बसता येतं. नाहीतर वर्ष गेलं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी दुपारपासून कॉलेजात येरझारा घालत होतो. पावणेपाचला त्या आल्या. अंगावर शेडचा निळा एप्रन, केसांत रबराची भुकटी. तासाभराची परवानगी काढून आल्या होत्या. अर्ज मी आधीच लिहून ठेवला होता. कारणाच्या रकान्यात मी रात्रभर विचार करून खरं ते लिहिलं होतं. की विद्यार्थिनीनं माझ्या अध्यापनातल्या चुकीवर विसंबून नोकरी बदलली, त्यातून अनुपस्थिती झाली, जबाबदारी माझी आहे. खाली सही.

प्राचार्या मॅडमनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "सर, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?"

मी म्हणालो, खरं आहे ते लिहिलंय.

"खरं वर पाठवायला फॉर्ममध्ये जागा नसते. उद्या विद्यापीठातून फोन आला की कसली चूक, तर मी काय सांगू, अमेरिकेतला भात? आजारी लिहा. सगळे आजारीच असतात."

मी नाही म्हणालो. अशा वेळी मी जास्तच ताठ होतो. मी त्यांना सांगितलं, प्रेस शॉपमध्ये असताना माझीही हजेरी एका सत्राला कमी पडली होती. सगळे डॉक्टरचा खोटा दाखला आणत होते. मी आणला नाही. कामावर होतो असं लिहिलं, आणि माझं सत्र गेलं. गेलं तर गेलं. पण माझ्या पदवीवर एक अक्षर खोटं नाही. हे मी आजवर शंभर ठिकाणी सांगितलंय, आणि सांगताना छाती पुढं आलीय.

 ताई खुर्चीच्या मागं उभ्या होत्या, त्या बोलल्या.

"सर, तुमचं सत्र गेलं तवा तुमी किती वर्षांचे?"

"एकोणीस."

"माझं चौतीस सरत आलंय." त्यांनी घड्याळ बघितलं. "लिव्हा आजारी. वरीस माझं जायाचंय, तुमचं न्हाई."

एवढं त्या साध्या आवाजात म्हणाल्या, बसमध्ये सरका म्हणतात तसं. आणि मला दिसलं की त्या कागदावर मी ताईंसाठी एक ओळही लिहिलेली नव्हती. सगळा कागद माझा होता. माझी चूक, माझी सही, माझा खरेपणा. त्या कागदानं मला मोकळं वाटलं असतं, आणि त्या पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसल्या असत्या, पस्तिसाव्या वर्षी.

मी कोरा कागद घेतला.  मी विचारलं, काय आजार लिहू?

मॅडम म्हणाल्या, "कावीळ लिहा. लांब चालते, कुणी उलटं विचारत नाही."

"कावीळ नको," ताई म्हणाल्या. "गावात कळलं तर सासू झाडपाल्याचं पाजत बसंल. कंबर लिव्हा. ती दुखती खरंच."

मी कंबरदुखी लिहिलं. दीर्घकालीन कंबरदुखीमुळे वर्गास नियमित उपस्थित राहता आले नाही. ताईंनी सही केली, मी केली, मॅडमनी शिक्का मारला. तीन मिनिटांचं काम. ताईंनी पोचपावती घडी करून एप्रनच्या खिशात घातली, येते म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली सहा आसनी रिक्षा भरत होती, तिच्यात कडेला टेकल्या. शेडमध्ये आजींचे दोन क्रेट राहिले होते, असं जाता जाता बोलल्या होत्या.

पाचच्या तासाला मी वर्गावर गेलो. हजेरी घेतली. त्यांच्या क्रमांकाला थांबलो नाही, पुढं गेलो.

तास संपल्यावर मॅडमनी बोलावलं. माझा पहिला अर्ज टेबलावरच होता. म्हणाल्या, हा तुमचा घेऊन जा, इथं राहिला तर चुकून कुणाच्या तरी फाइलला लागेल. मी तो घेतला. फाडायला दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. फाडला तर चूक पुसली असं होईल, ठेवला तर पुन्हा आपलाच कागद जपतोय असं वाटतं.

ताई परीक्षेला बसल्या. इतिहासाच्या पेपराला मला दुसऱ्या मजल्यावर पर्यवेक्षण होतं, त्या पहिल्या मजल्यावर होत्या. तीन तासांत मी बाकांच्या रांगांमधून इतक्या फेऱ्या मारल्या की एक पोरगी म्हणाली, सर, तुम्ही जरा बसता का, मला लिहायला होत नाहीये.